मुलांना महाराष्ट्र कसा शिकवावा?

चौथीच्या वर्गात पाहुणे आले, म्हणजे एक ठराविक सोहळा पार पडतो. पाहुणे विचारतात, "महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?" सारा वर्ग एका सुरात गर्जतो, "कळसूबाई!" "उंची किती?" "सोळाशे शेहेचाळीस मीटर!" राज्याचा प्राणी कोणता, पक्षी कोणता, फूल कोणते, असे विचारताच शेकरू, हरियाल, ताम्हण ही नावे लाह्यांसारखी फुटतात. पाहुणे संतुष्ट होतात, गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरते आणि सोहळा संपतो. परंतु त्याच पाहुण्यांनी जाता जाता सहज विचारावे, "बाळांनो, तुमच्या गावाजवळून वाहणारी नदी येते कोठून, आणि जाते कोठे?" की वर्गात एकदम शांतता पसरते. कळसूबाईची उंची पाठ असलेल्या मुलाला रोजच्या दृष्टीतील पाण्याची दिशा ठाऊक नसते. ज्याची उंची पाठ केली, तो डोंगर त्याने पाहिलेला नाही. जे पाणी तो नित्य पाहतो, त्याविषयी त्याला कोणी विचारलेले नाही.

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात, बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, चामटोली नावाचे गाव आहे. मुंबईहून बोरघाटाकडे जाणारा लोहमार्ग या परिसरातून जातो आणि उल्हास नदीही याच खोऱ्यातून वाहते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस येथवर आली आणि अडकली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. २७ तारखेचा दिवस उजाडला तेव्हा गाडीच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी होते आणि आत सुमारे १०५० माणसे होती. आपत्ती निवारण दलाच्या होड्या आल्या, नौदलाचे जवान आले, आणि भोवतालच्या गावांतील माणसेही धावली. त्या दिवशी सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. ही घटना येथे आठवण्याचे कारण एवढेच, की "उल्हास ही ठाणे जिल्ह्यातील एक प्रमुख नदी आहे" हे पाठ्यपुस्तकातील वाक्य आणि त्या पहाटेची उल्हास नदी, या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते अंतर तोडणे हेच शिक्षकाचे काम होय.

माहिती मुलाच्या मनात कशी राहते, याचा थोडा विचार केला पाहिजे. प्रश्नावाचून आलेले उत्तर हे भूक नसताना भरवलेल्या घासासारखे असते. ते गिळले जाते, पचत नाही. मुलाच्या मनात आधी प्रश्न उत्पन्न व्हावा, त्याच्या हातांनी काही करून पाहावे, आणि मग उत्तर यावे. असे आलेले उत्तर सहसा विसरत नाही. शिवाय पाठ केलेल्या याद्या काळ बदलतो तशा शिळ्या होतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याचे २६ जिल्हे होते. ती नावे ज्या मुलांनी मुखोद्गत केली, त्यांच्या नातवंडांना ३६ नावे पाठ करावी लागतात. त्यांपैकी छत्तिसावा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी खुद्द ठाणे जिल्ह्यातूनच निघाला. यादी बदलली, परंतु डोंगर, नदी, पाऊस आणि माती यांचे परस्परांशी असलेले नाते बदलले नाही. ते नाते ज्याला उमगले, त्याला नवी यादी समजून घेणे जड जात नाही.

पहिला पाठ शाळेच्या अंगणात व्हावा. मुलांनी चिखलमाती आणावी आणि एका फळीवर, अथवा जमिनीवरच, सह्याद्री रचावा. पुस्तकातील नकाशा सपाट असतो आणि मुलाला त्यातून चढउतार दिसत नाही. मातीच्या नकाशात तो बोटांना लागतो. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत, पश्चिमेस माथेरानची रांग, आणि या दोहोंच्या मध्ये एक लांबट खोरे, एवढे झाले म्हणजे चामटोलीच्या जागी एक काडी रोवावी. मग झारीने डोंगरमाथ्यावर पाणी घालावे. मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, की धारेच्या अलीकडे पडलेले पाणी काडीजवळून उत्तरेकडे, कल्याणच्या बाजूस, जाते आणि शेवटी वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. आणि धारेच्या पलीकडे पडलेले पाणी? ते पाठ फिरवून पूर्वेस धावते.

येथे गुरुजींनी एक गोष्ट सांगावी. लोणावळ्याच्या परिसरात घाटमाथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक घाटाखाली उतरला, उल्हास नदीत मिसळला आणि चामटोलीवरून अरबी समुद्रास गेला. दुसरा इंद्रायणीत गेला. तो देहूला पोहोचला, आळंदीला पोहोचला, पुढे इंद्रायणीबरोबर भीमेत शिरला, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेऊ लागला, भीमा कृष्णेला मिळाली तेव्हा कृष्णेचा झाला, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात विसावला. दोन थेंबांच्या जन्मस्थानांत अंतर थोडेसेच, पण एकाचा समुद्र पश्चिमेचा आणि दुसऱ्याचा पूर्वेचा! जलविभाजक हा अवघड शब्द यानंतर फळ्यावर लिहावा. तोवर त्याचा अर्थ मुलांच्या हाताला लागलेला असतो.

गोष्ट येथेही संपत नाही. मावळातील आंद्रा नदी ही इंद्रायणीची उपनदी. तिचे पाणी वास्तविक आळंदीच्या वाटेने पंढरपूरला जावयाचे. परंतु ठोकरवाडी येथे धरण बांधून ते अडवले गेले आणि बोगद्यावाटे व नळांवाटे घाटाखाली सोडून त्यावर भिवपुरी येथे वीज निर्माण होऊ लागली. हे १९२२ साली घडले. वीज करून मोकळे झालेले ते पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरते. म्हणजे वारीला निघालेले पाणी माणसाने अर्ध्या वाटेवरून माघारी वळवले आणि कोकणात आणले! हे ऐकल्यावर कोणते मूल गप्प बसेल? "मग पंढरपूरला पाणी कमी पडत नाही का?" असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. ज्या प्रश्नावर जाणती माणसे वर्षानुवर्षे वाद घालतात, तो प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाने आपण होऊन विचारावा, याहून त्या पाठाचे अधिक यश ते कोणते?

नदीच्या खोऱ्यावरून देश शिकावा, हा विचार नवा नव्हे. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश पंडिताने तो मोठ्या आग्रहाने मांडला होता. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा एक उभा छेद काढावा, आणि वर खाणीत खपणारा व लाकूडतोड्या, मध्ये धनगर व शेतकरी, खाली कोळी, असे माणसांचे उद्योग त्या त्या उंचीवर दाखवावे, म्हणजे भूमी आणि जीवन यांचा संबंध एका दृष्टिक्षेपात कळतो, असे त्याचे म्हणणे. हा गृहस्थ १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. उल्हासचे खोरे त्याच्या आकृतीत जसेच्या तसे बसते. वर रानात ठाकूर आणि कातकरी, मध्ये भातशेती करणारे आगरी आणि कुणबी, खाली खाडीकाठी कोळी. आणि या सर्वांच्या मधून जाणारा लोहमार्ग, कारखाने व नव्या वसाहती. ही आकृती मुलांनी कागदाच्या लांब पट्टीवर काढावी आणि वर्गाच्या भिंतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावावी.

दुसरा पाठ धान्याचा. जमिनीवर खडूने महाराष्ट्राची आकृती काढावी आणि घरून मूठमूठ धान्य आणण्यास मुलांना सांगावे. कोकणाच्या पट्टीत भात पसरावा, घाट ओलांडताच बाजरी आणि ज्वारी, विदर्भाच्या काळ्या मातीत सरकीसह कापसाचे बोंड आणि तुरीचे दाणे. हे सर्व गुरुजींनी आधी सांगू नये. मुलांना एवढेच सांगावे, की भाताला पाय पाण्यात लागतात आणि बाजरी थोडक्या पावसावर भागवून घेते. आता कोणते धान्य कोठे ठेवावे ते ठरवा. मातीच्या सह्याद्रीवरून पावसाचे ढग अडलेले ज्यांनी कल्पिले आहेत, ती मुले घाटाच्या पूर्वेस बाजरी ठेवण्यात चुकत नाहीत. सातारा जिल्ह्याचे उदाहरण त्यांना अचंब्यात टाकते. त्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि माण तालुक्यात त्याच्या दशांशाच्या आसपास पडून आकाश मोकळे होते.

याच पाठात एक गंमत राखून ठेवावी. सर्व मुले पूर्वेकडे जाता जाता पाऊस कमी कमी होत जाणार असे गृहीत धरतात. गुरुजींनी मग भंडारा आणि गोंदिया यांवर बोट ठेवून विचारावे, "येथे काय पिकत असेल?" मुले म्हणतील बाजरी. तेथे तर भात पिकतो! कारण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या पावसाचा लाभ होतो. नियम शिकल्यावर नियमाला पडलेली मुरड शिकावी. मुलांना ती फार आवडते, आणि विचार करण्याची सवय तेथेच लागते.

तिसरा पाठ दगडाचा आणि काळाचा. चामटोलीपासून अंबरनाथ दूर नाही. तेथे वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातील शिवमंदिर आहे. त्याच्या शिलालेखात शके ९८२ हा काळ दिलेला आहे. गुरुजींनी इसवी सन सांगू नये. शकात ७८ मिळवावयास सांगावे, म्हणजे १०६० ही संख्या मुलांच्याच पाटीवर उमटेल आणि गणिताचा तासही सार्थकी लागेल. मंदिराचा दगड काळा आहे. शाळेच्या पायरीचा दगडही बहुधा तसाच काळा निघतो. वेरूळचे कैलास लेणे त्याच जातीच्या दगडात कोरलेले, अजिंठ्याची लेणी त्यातच, रायगडाचा कडाही त्याचाच. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या पोटातून बाहेर आलेला आणि थरावर थर साचून थिजलेला तप्त रस होय. मंदिराला हात न लावता, शाळेच्या पायरीवर कागद ठेवून त्यावर मुलांनी पेन्सिल घासावी. दगडाचा पोत कागदावर उतरतो. तो कागद वहीत चिकटवून त्याखाली लिहावे, "महाराष्ट्राचा दगड".

काळ समजण्यासाठी एक दोरी पुरे. वर्गाच्या भिंतीवर दोरी बांधावी आणि एक वीत म्हणजे शंभर वर्षे असे ठरवावे. एका टोकाला अंबरनाथचे मंदिर. तेथून सहा वितींहून थोडे पुढे १६७४ सालचा शिवराज्याभिषेक. मग बोरीबंदर ते ठाणे अशी १८५३ सालची पहिली आगगाडी. पुढे १९६० साली राज्याची स्थापना. आणि दुसऱ्या टोकाला वर्गातील मुलांचे जन्मवर्ष. कैलास लेणे दोरीवर मावतच नाही. त्यासाठी मंदिराच्याही मागे सुमारे तीन विती दोरी जोडावी लागते. आपला सारा जन्म दोरीच्या टोकाला बोटभर जागेत मावतो, हे पाहून मुले क्षणभर स्तब्ध होतात. इतिहासाचा आदर शिकवण्यास याहून वेगळे व्याख्यान नको.

चौथा पाठ माणसांचा, आणि तोच सर्वांत जवळचा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील एखाद्या वर्गात डोकावले, तर अर्धा महाराष्ट्र तेथेच बसलेला आढळतो. कोणाचे आजोळ रत्नागिरीस, कोणाचे गाव खानदेशात, कोणाचे मराठवाड्यात; आणि काही मुलांचे पणजोबा या भूमीत पिढ्यान्पिढ्या राहत आलेले. प्रत्येक मुलाने घरच्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी विचारून याव्या. तुमच्या गावची नदी कोणती? घरात रोजची भाकरी कशाची असे? आणि तुमच्याकडचा असा एक शब्द सांगा, जो येथे कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ती उत्तरे चिठ्ठ्यांवर लिहून खडूच्या नकाशात आपापल्या जागी ठेवावी. आजीचा एक शब्द नकाशावर मानाने जाऊन बसला, म्हणजे ज्या मुलाला आपल्या घरच्या बोलीची वर्गात लाज वाटत असे, त्याची मान ताठ होते. या पाठात सर्वांत मोलाची भर बहुधा कातकऱ्याच्या किंवा ठाकराच्या मुलाची पडते. कारण रानातील कोणता कंद केव्हा खावा, हे त्याच्याइतके गुरुजींनाही ठाऊक नसते.

त्या चिठ्ठ्यांत एखादी चिठ्ठी अशीही निघेल, की जिची नदी महाराष्ट्राच्या नकाशात सापडणार नाही. ती सिंधू असेल. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली, आणि त्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. एका नदीचा काठ सुटलेल्या माणसांच्या गावाला दुसऱ्या नदीचे नाव लाभले, ही गोष्ट मुलांना सांगावी. राज्य म्हणजे केवळ सीमारेषा नसून आलेल्यांना सामावून घेणारी वस्तीही असते, हे त्यांना नकळत समजेल.

हे सर्व ऐकून कित्येक शिक्षक म्हणतील, की एवढा वेळ आणि पैसा आणावा कोठून? पैशाचे उत्तर याच किनारपट्टीने केव्हाच दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. महागडी साधने खेड्यात परवडत नाहीत, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शिक्षणाची साधने केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने शहरातील मुलांसाठी अशीच आनंदाची वाट चोखाळली. ही कामे धनाच्या बळावर उभी राहिली नाहीत. मुलाकडे आणि परिसराकडे बारकाईने पाहणाऱ्या दृष्टीवर उभी राहिली.

वेळेचे उत्तर थोडे कठीण आहे, आणि ते प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मातीच्या नकाशाला एक तास लागतो. धडा वाचून दाखवण्यास वीस मिनिटे पुरतात. वर्गात साठ मुले असली, तर गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गाची तक्रार येते. म्हणून वर्षभरात असे चारच पाठ घ्यावे, पण ते पुरे करावे. आणखी एक धोका आहे. उपक्रम या नावाखाली बाजारातून तयार नमुने विकत आणले जातात, रात्री जागून आईवडील ते रंगवतात, आणि प्रदर्शनात मूल त्यापुढे नुसते उभे राहते. अशा सजावटीपेक्षा साधी घोकंपट्टी बरी. तिच्यात निदान मुलाचे स्वतःचे श्रम असतात. पाठांतर हे सर्वस्वी टाकाऊही नव्हे. दिशा, पाढे, कविता ही पाठच असावी. कळसूबाईची उंचीही पाठ असू द्यावी. पण तीबरोबर आपले गाव समुद्रापासून किती उंचावर आहे हेही मुलाने विचारलेले असावे, म्हणजे त्या संख्येला मोजमाप मिळते.

शेवटचा पाठ खेळाचा आहे. वर्गातील बाके ओळीने लावून महालक्ष्मी एक्सप्रेस करावी. मुंबई, कल्याण, लोणावळा, पुणे, सातारा, कराड, सांगली, मिरज आणि कोल्हापूर, अशी एकेक मुलाची स्थानके. गाडी स्थानकावर आली, की त्या मुलाने आपल्या जवळची नदी सांगावी आणि तिचे पाणी कोणत्या समुद्रास जाते तेही सांगावे. कल्याण म्हणते उल्हास, आणि अरबी समुद्र. लोणावळा म्हणते इंद्रायणी. पुणे मुळा-मुठा सांगते, कराड कृष्णा-कोयनेचा संगम, कोल्हापूर पंचगंगा. आणि घाट चढल्यावर प्रत्येक स्थानक एकाच उत्तराचा पुनरुच्चार करते: बंगालचा उपसागर, बंगालचा उपसागर! अंगणात झारीने पाणी घातले तेव्हा जे दिसले होते, ते साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे, हा शोध मुलांना त्या बाकांवर बसल्या बसल्या लागतो.

चामटोलीच्या परिसरातील मुलांनी हा खेळ खेळताना आणखी एक काम करावे. गावातील वडील माणसांना विचारून २००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या पुरात पाणी कोठवर आले होते, याच्या दोन रेघा गुरुजींच्या हस्ते शाळेच्या भिंतीवर रंगाने ओढून घ्याव्या आणि खाली वर्षे लिहावी. दोन्ही वेळी तारीख २६ जुलैच्या भोवतालचीच होती, हे त्यांचे त्यांनाच आढळेल. नदीकाठी जाण्याचे दिवस कोणते आणि घरात थांबून मोठ्यांना सावध करण्याचे कोणते, हे त्या रेघा मुलांना सांगतील. पुढे एखाद्या आषाढात घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस कोसळत राहिला, तर वर्गातील एखादी मुलगी पहाटे आजोबांना उठवील आणि म्हणेल, "आजोबा, लोणावळ्याकडचे पाणी खाली उतरत असेल, गोठ्यातली गुरे वर बांधू या." महाराष्ट्राविषयीची एवढी एक गोष्ट जरी तिला अशी समजली असली, तरी तिच्या गुरुजींचे श्रम फळास आले असे म्हणावे.